बहिणीची पाळी थांबली, म्हणून तिचे मनाच्या आजाराचे औषध बंद करावे का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : बडोद्यातील एका भगिनीने आपल्या धाकट्या बहिणीविषयी लिहिले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. बहीण २६ वर्षांची आहे. अडीच वर्षांपूर्वी तिला कानात आवाज ऐकू येऊ लागले, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे वाटू लागले आणि झोप उडाली. मानसोपचारतज्ज्ञांनी रिस्पेरिडोन सुरू केले, मात्रा दिवसाला ४ मिलिग्रॅमवर स्थिरावली आणि काही महिन्यांत ती पूर्वीसारखी हसूबोलू लागली. आज ती एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करते. गेले सात महिने मात्र तिची पाळी आलेली नाही आणि दोन्ही स्तनांतून दुधासारखा स्राव येतो. कार्यालयात कपडे ओले होतील या भीतीने ती दिवसभर ओढणी सावरत बसते. घराजवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतले, तेव्हा प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारे संप्रेरक (हार्मोन), १४२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आले. कागदावर छापलेली वरची मर्यादा २५ च्या आसपास आहे. त्यावर घरात तीन मते पडली. आईचे म्हणणे असे की औषध गरम पडले आहे, मुलगी आता बरी आहे, स्थळेही येऊ लागली आहेत, तेव्हा गोळ्या गुपचूप थांबवाव्यात. डॉक्टरांनी प्रोलॅक्टिन उतरवण्यासाठी कॅबरगोलिन हे औषध लिहून दिले आहे, ते अजून सुरू केलेले नाही. काकांना मेंदूत गाठ असल्याची शंका आहे आणि आधी एमआरआय करा असा त्यांचा आग्रह आहे. दरम्यान बहीण स्वतःच अधूनमधून रात्रीची गोळी चुकवू लागली आहे. पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘दुसरे काही विशेष औषध नाही, फक्त पित्तासाठी दहा महिन्यांपासून रोज सकाळी उपाशीपोटी एक कॅप्सूल घेते,’ आणि त्या पट्टीमागचे घटकही त्यांनी उतरवून पाठवले आहेत : राबेप्राझोल २० मिलिग्रॅम आणि लेव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम. त्यांचा प्रश्न असा आहे : ‘आम्ही तिचे मन वाचवायचे की शरीर?’

प्रिय ताई,

सविस्तर उत्तराआधी एक गोष्ट सांगतो, कारण ती आजच्या रात्रीपुरती आहे. रिस्पेरिडोनची आजची गोळी तुमच्या बहिणीने घ्यावी, उद्याचीही घ्यावी, आणि ते औषध कमी करायचे, बदलायचे की तसेच ठेवायचे हे तिचे मानसोपचारतज्ज्ञ ठरवीपर्यंत एकही मात्रा चुकवू नये. त्यांची भेट मात्र पुढच्या महिन्यातील ठरलेल्या तारखेला नको, याच आठवड्यात घ्यावी.

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे. मनासाठी दिलेले औषध वाट चुकून शरीरात गेले आणि तिथे त्याने भलतेच काही करून ठेवले, असे चित्र तुमच्या डोळ्यांसमोर असावे. आईंच्या ‘गरम पडले’ या म्हणण्यामागेही बहुधा तेच असेल. प्रत्यक्षात ते औषध दोन्ही ठिकाणी अगदी एकच काम करते आहे. हे नीट समजले तर मन की शरीर ही निवडच करावी लागत नाही, हे आपोआप ध्यानात येईल, म्हणून ते थोडे तपशिलाने मांडतो.

कवटीच्या तळाशी, हाडाच्या एका छोट्या खोलगट जागेत पीयूषिका ग्रंथी असते. जेमतेम अर्ध्या ग्रॅमची ही ग्रंथी शरीरातील इतर ग्रंथींना हुकूम सोडते, म्हणून ती सर्वांची मुख्य ग्रंथी असे शाळेच्या पुस्तकापासून आपण वाचत आलो आहोत. परंतु तिच्या पुढच्या भागाला स्वतःचे हुकूम वरून, मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागाकडून येतात, आणि ते मज्जातंतूंतून न येता रक्तवाहिन्यांच्या एका खास जाळ्यातून, रासायनिक संदेशांच्या रूपाने येतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री हॅरिस यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर ही गोष्ट प्रयोगांनी मांडली, आणि पुढे त्यांतील काही संदेशवाहक वेगळे करून दाखवल्याबद्दल रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यांतील बहुतेक संदेश ‘तयार कर, सोड’ असे सांगणारे असतात. प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या संप्रेरकाची गोष्ट मात्र उलटी आहे. ते तयार करणाऱ्या पीयूषिकेतील पेशी आपल्या आपण काम करत राहतात, आणि हायपोथॅलॅमसकडून डोपामिन नावाचा संदेशवाहक सतत झिरपत येऊन त्यांना आवरून धरतो. अपघाताने किंवा शस्त्रक्रियेने हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका यांना जोडणारा देठ तुटला, तर पुढच्या भागाची बाकीची संप्रेरके कमी होतात आणि प्रोलॅक्टिन तेवढे वाढते. लगाम सुटला की काय होते, हे त्यावरून कळते.

डोपामिन हा आवर कसा घालतो? त्या पेशींच्या पृष्ठभागावर डी-२ नावाचे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, असतात. डोपामिन त्यावर बसले की पेशीच्या आतील संदेशांची साखळी मंदावते, पेशीत शिरणारे कॅल्शियम कमी होते आणि प्रोलॅक्टिन बाहेर पडणे थांबते. आता मुद्द्याची गोष्ट अशी की हेच डी-२ ग्राही मेंदूच्या खोल भागांतही आहेत, आणि तेथील डोपामिनची हालचाल वाढली की ऐकू न येणारे आवाज ऐकू येणे, नसलेली पाळत जाणवणे अशा गोष्टी घडू शकतात. रिस्पेरिडोन या ग्राहींवर जागा अडवून बसते, पण डोपामिनसारखा संदेश देत नाही. मेंदूच्या त्या भागात जागा अडल्यामुळे बहिणीचे आवाज थांबले. पीयूषिकेत तशीच जागा अडल्यामुळे लगाम सुटला. औषधाने इथे चांगले आणि तिथे वाईट असे दोन वेगळे उद्योग केलेले नाहीत.

यात आणखी एक बारकावा आहे. रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचे यावर एक पहारा असतो, परंतु पीयूषिका त्या पहाऱ्याच्या बाहेर आहे. त्यामुळे जी औषधे मेंदूत कष्टाने शिरतात, ती पीयूषिकेपर्यंत मात्र विनासायास पोहोचतात. रिस्पेरिडोन आणि त्याचेच शरीरात तयार होणारे रूप, म्हणजे पॅलिपेरिडोन, तसेच अमिसल्प्राइड ही औषधे प्रोलॅक्टिन वाढवण्यात इतरांच्या बरीच पुढे आहेत, त्यामागे हे एक कारण आहे.

वाढलेले प्रोलॅक्टिन पुढे हायपोथॅलॅमसमधील पाळीचे चक्र चालवणाऱ्या पेशींना शांत करते. पीयूषिकेकडून अंडाशयाकडे जाणारे संकेत मंदावतात, अंडाशय विसावतात, इस्ट्रोजेन घटते आणि पाळी थांबते. अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी कित्येक महिने लांबते, त्यामागेही मुख्यतः हीच यंत्रणा असते. तुमच्या बहिणीच्या गर्भाशयात वा अंडाशयात काही बिघडले आहे, असा याचा अर्थ नाही, आणि तिला पुढे मूल होणार नाही असा तर मुळीच नाही. तिला हे स्वतंत्रपणे, स्पष्ट शब्दांत सांगा. सात महिने ती मनात काय काय बोलत असेल याची कल्पना करवत नाही. मात्र इस्ट्रोजेन वर्षानुवर्षे कमी राहिले तर हाडांची घनता घटते, म्हणून ‘पाळी नाही तर नाही, त्रास तर नाही ना’ असे म्हणून ही गोष्ट सोडून देणेही बरोबर नाही.

आता पत्रातील त्या ओळीकडे येतो, जी तुम्ही ‘विशेष काही नाही’ म्हणून शेवटी लिहिली. माझ्या मते तुमच्या संपूर्ण पत्रातील सर्वांत महत्त्वाची ओळ तीच आहे. पित्ताच्या कॅप्सूलमधील राबेप्राझोल हे आम्ल कमी करते आणि त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. दुसरा घटक, लेव्होसल्पिराइड, हा पोट लवकर रिकामे व्हावे म्हणून घातलेला असतो, पण तोही डी-२ ग्राही अडवणाराच आहे. मोठ्या मात्रेत हेच औषध मानसिक आजारांसाठी वापरले जाते. म्हणजे तुमची बहीण दहा महिने एकाच ग्राहीवर बसणारी दोन औषधे घेत आहे, एक रात्री मनासाठी आणि दुसरे सकाळी पोटासाठी, आणि दोन्ही लिहून देणाऱ्यांना एकमेकांचे कागद बहुधा दिसलेलेच नाहीत.

तारखा मांडून पाहा. रिस्पेरिडोन अडीच वर्षांपूर्वी सुरू झाले आणि पाळी सात महिन्यांपूर्वी थांबली. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे रिस्पेरिडोन चालू असूनही पाळी येत होती. कॅप्सूल दहा महिन्यांपूर्वी सुरू झाली आणि त्यानंतर तीनच महिन्यांत पाळी बंद पडली. केवळ तारखांवरून निदान होत नाही, आणि त्या दोन वर्षांत प्रोलॅक्टिन थोडेफार वाढलेले असणेही सहज शक्य आहे. पण रिस्पेरिडोनने अर्धवट सैल केलेला लगाम या कॅप्सूलने पुरता सोडवला असावा, अशी दाट शंका घ्यायला पुरेशी जागा आहे. घरात तीन मते झाली, तिन्ही मतांमध्ये दोष मोठ्या औषधाला किंवा मेंदूतल्या गाठीला दिला गेला आणि पित्ताच्या कॅप्सूलकडे कोणाचेच लक्ष गेले नाही, याचे मला वाईट वाटते, पण आश्चर्य वाटत नाही. ही कॅप्सूल आपल्याकडे इतकी सहज लिहिली जाते आणि जुनी पट्टी दाखवून दुकानातून इतकी सहज आणली जाते की तिला औषध म्हणून मोजायची सवयच राहिलेली नाही.

हे वाचणाऱ्या सर्वांनीच आपल्या घरातील पित्ताच्या पट्ट्या उलट्या करून मागचे बारीक अक्षर वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल यांच्या जोडीला डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड लिहिलेले असेल, तर ती नुसती आम्लाची गोळी नाही. नावापुढच्या ‘डी’, ‘डीएसआर’, ‘एल’ अशा अक्षरांमागे पुष्कळदा हा दुसरा घटक असतो, पण अक्षरांवर न विसंबता घटकच वाचावेत. उलटीसाठी दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइडही याच जातीचे आहे. काही दिवस घेतल्याने बहुतेकांना काही होत नाही. प्रश्न महिनोन्महिने, कोणाच्याही देखरेखीशिवाय घेण्याचा आहे.

तेव्हा पहिला बदल कॅप्सूलमध्ये व्हायला हवा. ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांना रिस्पेरिडोनचा कागद दाखवा आणि लेव्होसल्पिराइड वगळून केवळ आम्ल कमी करणारे औषध पुरेल का, किंवा तेही आता लागते का, हे विचारा. कॅप्सूल बदलल्यावर आठवडाभराने, रिस्पेरिडोन नियमित चालू ठेवून, प्रोलॅक्टिन पुन्हा तपासून घ्या. अशी औषधे थांबली की रक्तातील पातळी साधारण काही दिवसांतच उतरू लागते, त्यामुळे कॅप्सूलचा वाटा किती आणि रिस्पेरिडोनचा किती हे बरेचसे उलगडेल. रक्त झोपेतून उठल्यावर निदान दोनेक तासांनी, थोडे शांत बसून द्यावे, कारण झोपेत आणि ताणातही प्रोलॅक्टिन वाढते. त्याच वेळी थायरॉईड आणि मूत्रपिंडाची तपासणी उरकून घ्यावी. थायरॉईड मंदावला की हायपोथॅलॅमसकडून त्यासाठी वाढणारा संदेश प्रोलॅक्टिनलाही वर ढकलतो. गर्भधारणेची चाचणीही यादीत असेल. पाळी थांबलेल्या प्रत्येक स्त्रीची ती केली जाते, त्यात संशयाचा भाग नसतो, आणि घरात तिचा तसा अर्थ लावला जाणार नाही याची काळजी मोठी बहीण म्हणून तुम्ही घ्यायला हवी.

आता आईंच्या मताकडे वळतो, आणि ते मी हलक्याने घेत नाही. पाळी औषधामुळे थांबली, हे त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. मला भीती त्यापुढच्या पावलाची वाटते, आणि तिचे कारण असे. समजा, रिस्पेरिडोन घरच्या घरी बंद केले. थोड्याच दिवसांत प्रोलॅक्टिन उतरेल, स्राव आटेल, काही आठवड्यांत पाळी येईल, चेहऱ्यावर तरतरी दिसेल, आणि आवाज मात्र लगेच परतणार नाहीत. घरातील प्रत्येकाला वाटेल की आई बरोबर होती, ते औषध म्हणजे विषच होते. पीयूषिका दिवसांच्या हिशेबाने सावरते. आजार परत येतो तो बहुधा आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबाने. जेव्हा झोप उडेल आणि शेजाऱ्यांचा संशय पुन्हा येऊ लागेल, तेव्हा गोळ्या थांबवल्याला इतके दिवस झालेले असतील की दोन्हींचा संबंध कोणी जोडणार नाही. नोकरीचा ताण, लग्नाची धावपळ, कोणाची तरी दृष्ट, असे काही तरी कारण पुढे येईल. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात सुमारे वर्षभराच्या काळात औषध चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्के रुग्णांचा आजार उलटला, आणि औषधाऐवजी निष्क्रिय गोळी दिलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचा. हा फरक आईंना शांतपणे सांगा. बहीण आज बरी दिसते ती औषध असूनही बरी दिसते असे नाही. औषध आहे म्हणून बरी दिसण्याची शक्यता फार मोठी आहे.

परंतु औषध बंद करायचे नाही, याचा अर्थ हेच औषध याच मात्रेत जन्मभर घ्यायचे, असा नाही. इथे तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या हाती बरेच मार्ग आहेत. मात्रा थोडी कमी करता येते का, हा पहिला. हॅलोपेरिडॉल या जुन्या औषधावर २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की मेंदूतील सुमारे ६५ टक्के डी-२ ग्राही व्यापले की आजारात सुधारणा दिसू लागते, ७२ टक्क्यांच्या पुढे प्रोलॅक्टिन वाढण्याची शक्यता वाढते आणि ७८ टक्क्यांच्या पुढे स्नायूंचा ताठरपणा, कंप असे त्रास सुरू होतात. प्रत्येक औषधाला हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, पण गुण येण्याची आणि त्रास होण्याची पातळी एकच नाही, मध्ये थोडी जागा असते, एवढे त्यावरून कळते. या निमित्ताने बहिणीचे हात थरथरतात का, अंग जड वाटते का, एका जागी बसवत नाही असे होते का, हेही तिला विचारा. दोन औषधे एकाच ग्राहीवर काम करत असताना हे त्रासही वाढू शकतात.

दुसरा मार्ग औषध बदलण्याचा. क्वेटियापिन, ओलान्झापिन यांसारखी औषधे प्रोलॅक्टिन तुलनेने कमी वाढवतात, जरी ओलान्झापिनने वजन आणि साखर वाढण्याचा धोका मोठा असतो. अ‍ॅरिपिप्राझोल हे औषध याहून वेगळ्या पद्धतीने चालते : ते डी-२ ग्राहीवर बसते आणि डोपामिनसारखाच, पण सौम्य संदेश स्वतःच देते. त्यामुळे मेंदूत जिथे डोपामिनचा जोर जास्त आहे तिथे तो कमी होतो, आणि पीयूषिकेतील पेशींना मात्र आवश्यक तेवढा आवर मिळत राहतो. काही वेळा रिस्पेरिडोन चालू ठेवून त्याच्या जोडीला अ‍ॅरिपिप्राझोलची लहान मात्रा दिली जाते आणि तेवढ्यानेही प्रोलॅक्टिन पुष्कळ खाली येते. जे औषध एखाद्याला चांगले लागू पडले आहे ते बदलणे ही नेहमीच थोडी जोखीम असते, म्हणून हा बदल हळूहळू आणि मधल्या काळात वरचेवर भेटून करायचा असतो. तुमच्या बहिणीच्या बाबतीत कॅप्सूल बदलून मिळणारा आकडा पाहिल्याशिवाय या मार्गाला जाण्याची घाई करू नये, असे मला वाटते. पण हा निर्णय तिला समोर बसवून तपासणाऱ्यांचा आहे.

डॉक्टरांनी दिलेल्या कॅबरगोलिनविषयी मी अधिक सावध आहे. हे औषध डी-२ ग्राहीला डोपामिनप्रमाणेच जागे करते. पीयूषिकेत प्रोलॅक्टिन तयार करणारी गाठ असेल तर ते फार गुणकारी ठरते, गाठही लहान होते, आणि शरीरात दीर्घकाळ टिकत असल्यामुळे आठवड्यातून दोनदा घेतले तरी पुरते. पण ज्या ग्राहीला शांत ठेवण्यासाठी रिस्पेरिडोन दिले आहे, त्यालाच जागे करणारे औषध सोबत देणे म्हणजे मूळ आजार उफाळण्याचा धोका पत्करणे होय. तज्ज्ञ काही निवडक रुग्णांना ते देतातही, परंतु बाकीचे मार्ग संपल्यावर, लहान मात्रेत आणि बारीक लक्ष ठेवून. तुम्ही ते सुरू केले नाही, हे फार चांगले केले.

काकांच्या शंकेचे काय? १४२ हा आकडा घाबरवणारा दिसला तरी रिस्पेरिडोन किंवा मेटोक्लोप्रमाइड घेणाऱ्यांत तो २०० च्या वरही जाऊ शकतो, त्यामुळे केवळ आकड्यावरून गाठ ठरत नाही. शिवाय पीयूषिकेत निरुपद्रवी बारीकशी गाठ असणे फार सामान्य आहे; अंदाजे दहा माणसांत एकाला ती असते आणि बहुतेकांना जन्मभर कळतही नाही. आज घाईने एमआरआय केला आणि अशी एखादी गाठ योगायोगाने दिसली, तर कारण नसताना घरात नवी धास्ती उभी राहील. मात्र सतत डोकेदुखी असेल, दोन्ही बाजूंचे कडेचे दिसणे कमी झाले असेल, किंवा कॅप्सूल बदलून आणि औषधाचा विचार होऊनही प्रोलॅक्टिन उतरत नसेल, तर एमआरआय करायलाच हवा आणि तेव्हा तो टाळू नये. अशा वेळी संप्रेरकतज्ज्ञ, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्ट, यांचेही मत घ्यावे.

ताई, तुमच्या पत्रात आईंचे मत आहे, डॉक्टरांचे आहे, काकांचे आहे, तुमची ओढाताण तर ओळीओळीत आहे. पण बहिणीला काय वाटते हे कुठेच नाही. ती गोळ्या चुकवते आहे, हेच तिचे मत समजा. कपडे ओले होण्याची लाज, आपल्या शरीराला काय झाले आहे याची भीती, आणि तरीही ‘औषध नीट घेतेस ना’ एवढाच प्रश्न रोज ऐकावा लागणे, अशा स्थितीत दुसरे कोणी काय केले असते? तिला रागावू नका. कोणत्या रात्री गोळी चुकली ते तिच्याकडून समजून घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञांना खरे सांगा, कारण चुकलेल्या मात्रांचा परिणाम प्रोलॅक्टिनच्या आकड्यावर आणि पुढच्या निर्णयावर होतो. स्राव आहे की नाही हे पाहण्यासाठी वारंवार दाबून पाहू नये, त्याने तो वाढतो. कामावर जाताना स्तनदा मातांसाठी मिळणारे शोषक पॅड वापरले तर तिचा दिवस बराच सोपा होईल. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तिला स्वतःच्या उपचारांची माहिती मिळण्याचा आणि ती माहिती गोपनीय राहण्याचा हक्क दिला आहे. स्थळांबाबत कोणाला, केव्हा आणि किती सांगायचे हे तिच्याशी बोलूनच ठरवावे. पण आजार लपवता यावा म्हणून औषध बंद करण्याचा विचार आईंच्या मनात असेल, तर एवढे सांगा की सासरी गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत आजार उलटला तर त्याची झळ सर्वांत आधी तुमच्या बहिणीलाच बसेल.

बडोद्यातील आपल्या घरांत बोलणे मराठीत होते, दवाखान्यात गुजरातीत आणि औषधांचे कागद इंग्रजीत असतात. या तीन भाषांच्या फटींत पुष्कळ गोष्टी हरवतात, आणि स्तनांतून स्राव येण्यासारखी गोष्ट तर परक्या भाषेत बोलणे अधिकच कठीण जाते. म्हणून एका कागदावर सर्व औषधांची नावे, मात्रा आणि सुरू केल्याच्या तारखा, शेवटच्या पाळीची तारीख आणि स्राव कधीपासून आहे एवढे लिहा आणि तो कागद प्रत्येक डॉक्टरांसमोर ठेवा. भेटीची वेळ लवकर मिळत नसेल किंवा खर्चाची अडचण असेल, तर सर सयाजीराव जनरल रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि कारेलीबागेतील सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय हे दोन्ही तुमच्या आवाक्यात आहेत. मधल्या दिवसांत झोप एकाएकी उडाली, ती एकटीच पुटपुटू लागली किंवा जुना संशय डोके वर काढू लागला, तर तपासण्यांचे निकाल येण्याची वाट न पाहता लगेच तज्ज्ञांना गाठा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी लागतो.

अशाच परिस्थितीतील इतर वाचकांसाठी थोडे लिहितो. ही औषधे घेणाऱ्या पुरुषांतही प्रोलॅक्टिन वाढते, आणि त्यांच्यात ते इच्छा कमी होणे, ताठरता न येणे, छाती सुजणे अशा रूपांत दिसते. लाजेपोटी ते सांगत नाहीत आणि औषध मात्र एक दिवस न सांगता सोडून देतात. त्यांच्या पत्नीने किंवा भावाने हे मोकळेपणाने विचारावे. नव्याने उपचार सुरू होत असतील, तर औषधाआधीच एकदा प्रोलॅक्टिन तपासून ठेवण्याविषयी डॉक्टरांना विचारावे, म्हणजे पुढे कधी आकडा वाढला तर तुलनेला काही तरी हाताशी राहते. आणि विवाहित स्त्रियांनी हे ध्यानात ठेवावे की औषध बदलून प्रोलॅक्टिन उतरले की अंडाशय पुन्हा कामाला लागतात आणि पहिली पाळी दिसण्याआधीच गर्भ राहू शकतो. इतके महिने पाळी नव्हती म्हणून काळजीचे कारण नाही, असे त्या काळात समजू नये.